तब्येत सुधारली!

मंडळी, मराठीतल्या एका वाक्याने गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपला अर्थ पार फिरवून टाकला आहे. "तब्येत सुधारली हो तुमची!" हे ते वाक्य.

माझ्या लहानपणी, म्हणजे साधारण १९६० च्या आसपास, आमच्या मुळशीत हे निखळ कौतुक होतं. टायफॉइडमधून उठलेल्या पोराला, माहेरपणाहून परतलेल्या सुनेला, मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेल्या भावाला लोक असं म्हणत आणि ऐकणारा सुखावे. अंग भरलं, गालावर आलं, बाळसं धरलं, खात्यापित्या घरची दिसते... शब्दांची नुसती चंगळ! वाईट शब्द सगळे उलट्या बाजूचे. वाळला, रोडावली, हाडाची काडं झाली. गेलेलं वजन परत येणं म्हणजेच बरं होणं, असं साधं समीकरण होतं.

आज कुणी लग्नात भेटून "तब्येत सुधारली" म्हणालं की समोरचा माणूस घरी जाऊन आरशासमोर उभा राहतो. (आणि म्हणणार्‍याला नेमकं तेच हवं असतं!)

हे आज लिहायला बसलो त्याला कारण आमच्या वहिनी. त्यांची परवानगी घेऊनच लिहितोय, नाहीतर जेवायला मिळायचं नाही :-)

२०१८ साली महाराष्ट्रात दोन वेळा जेवण्याची जी लाट आली, ती आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून गेलेली आहे. त्या वर्षी लग्नाच्या पंगतीत जिलबीपेक्षा इन्सुलिनची चर्चा जास्त व्हायची. वहिनींना मधुमेह होता, वजन ७४ किलो. त्यांनी मनावर घेतलं. दहा महिन्यांत ६२ वर आल्या. रोज पाऊण तास चालणं, दोनच जेवणं, मध्ये काही नाही. साखर आटोक्यात आली, एक गोळी सुटली. सगळ्या नातेवाईकांत त्यांचं उदाहरण दिलं जाऊ लागलं.

आणि मग वजन परत यायला लागलं. एकदम नाही, एखाद्या वर्षात किलो, पुढच्या वर्षात दोन. साडीची एक गंमत आहे, तिला माप नसतं. नऊवारी असो की पाचवारी, ती कधीच तक्रार करत नाही. तक्रार करतो तो ब्लाऊज, आणि त्यालाही शिंप्याने आत माया ठेवलेली असते. ती उसवली की पुन्हा दोन वर्षं निश्चिंती. २०२३ मध्ये आकडा ७० झाला तेव्हा घरात कुणालाच पत्ता नव्हता, कारण काटा कपाटामागे गेला होता.

त्याहून वाईट म्हणजे त्या डॉक्टरांकडे जायच्या बंद झाल्या. मागच्या खेपेस दवाखान्यात चार माणसांदेखत कुणीतरी म्हणालं होतं, "पहिल्यासारख्याच झालात की परत!" बस्स, अकरा महिने त्या तिकडे फिरकल्या नाहीत. आम्हाला सांगत, "जाऊन आले, सगळं ठीक आहे." पायाच्या अंगठ्याला चपलेने लागलेली जखम तीन आठवडे भरेना, तेव्हा पुतण्याने जबरदस्तीने गाडीत घालून नेलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ८.६ निघाली. जखम पुढे भरली, पण डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन जे सांगितलं, त्यानंतर तो दोन दिवस नीट जेवला नाही.

मला वहिनींचं एक वाक्य विसरता येत नाही. "भाऊजी, मी काही सोडलेलं नाही हो. दोनच वेळा जेवते. पण सगळ्यांना वाटतं मी चोरून खाते."

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे खोड अशी की कुठलंही दुखणं आलं की आधी 'हे पूर्वी कसं होतं' ते बघायचं. नातीने मोबाईलवर शोधून दिलं, मी वाचत गेलो. आणि जे सापडलं त्याने वहिनींच्या बाजूने साक्ष दिली.

मुळशी म्हटलं की लोकांना धरण आणि सेनापती बापटांचा सत्याग्रह आठवतो. तो आजचा विषय नाही. आजचा विषय इथला भात. आंबेमोहोर आणि अलीकडे इंद्रायणी पिकवणार्‍या या तालुक्यात माणसाच्या वजनालासुद्धा एक वार्षिक चक्र होतं. आषाढात लावणी, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून काम, अंगावर इरलं. नेमक्या त्याच दिवसांत कणगीतलं धान्य तळाला गेलेलं. श्रावण-भाद्रपदापर्यंत माणसं चिपाडासारखी व्हायची. दिवाळीच्या सुमारास कापणी, मळणी, नवा तांदूळ, आणि मार्गशीर्षात तीच माणसं पुन्हा भरलेली. दर वर्षी उतरायचं, दर वर्षी चढायचं. हे चढणं म्हणजे पुढच्या आषाढाची तयारी असे, त्याला कुणी लाज लावली नाही.

हे झालं बर्‍या वर्षाचं. वाईट वर्षांची गोष्ट वेगळी.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, सातारा, नगर या भागांना झोडपून गेला. सरकारने दुष्काळी कामं काढली, आणि कामावरच्या माणसाला किती द्यायचं असा प्रश्न आला. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल या अधिकार्‍याने खर्च वाचवण्यासाठी रोजचं धान्य पुरुषामागे एक पौंडावर आणलं, वर थोडे पैसे. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. हिशेब केला तर ते साधारण सोळाशे कॅलरीच्या आत-बाहेर भरतं. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. आपल्याकडच्या मजुरांनी या दराविरुद्ध कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काका जोशी यांच्या सभेने, त्यांची बाजू उचलून धरली. मद्रास इलाख्यात डॉक्टर कॉर्निश नावाच्या सरकारी आरोग्य अधिकार्‍यानेच सांगितलं की एवढ्या अन्नावर काम करणारा माणूस टिकणार नाही. वर्गात हा धडा शिकवताना मी नेहमी साडेचारशे ग्रॅम ज्वारी तोलून टेबलावर ठेवत असे. मुलं म्हणायची, "सर, हे तर बरंच आहे!" मग मी विचारायचो, यात भाजी कुठे आहे, तेल कुठे आहे, आणि दगड किती फोडायचे आहेत?

आता हा सोळाशेचा आकडा लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर अमेरिकेत चला. साल १९४४. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपात लाखो माणसं उपाशी होती, त्यांना परत खायला कसं घालायचं हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण घेतले. हे सगळे युद्धात शस्त्र धरायला तत्त्वाने नकार दिलेले, पण देशासाठी काही करावं म्हणून आपणहून पुढे आलेले. त्यांना २४ आठवडे रोज सरासरी १५७० कॅलरी अन्न दिलं, आणि आठवड्याला २२ मैल चालायला लावलं.

१५७०! टेंपलसाहेबाच्या पौंडाच्या आसपासच. आणि आजही वजन उतरवण्यासाठी जो छापील आहाराचा कागद हातात मिळतो त्यावर १२०० ते १५०० लिहिलेलं असतं. मी काही आहारतज्ज्ञांवर टीका करत नाही. बैठ्या माणसाचा आणि खडी फोडणार्‍याचा हिशेब एक नसतो, आणि वजनदार माणसाकडे अंगचा साठाही जास्त असतो. पण शरीराला कागद वाचता येत नाही. आषाढ आलाय, की टेंपल आलाय, की पुतणीच्या लग्नासाठी बारीक व्हायचंय, हे त्याला कसं कळावं?

त्या ३६ तरुणांचं वजन जवळजवळ चौथाईने घटलं. पण वाचण्यासारखं आहे ते पुढचं. ही मुलं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. ताटली चाटू लागली. हातपाय गार, नाडी मंद, कुणाशी बोलायला नको. शरीराने खर्चच कमी करून टाकला होता, पगार निम्मा झाल्यावर घरातली बाई जसे दिवे मालवत फिरते तसा. मग खायला मिळू लागलं. आणि पुरेसं मिळूनही त्यांची भूक भागेना. काही जण पूर्वीच्या कितीतरी पट खात आणि तरी म्हणत, पोट भरलं पण भूक आहे. काही महिन्यांत वजन मूळपदावर आलं आणि तिथे थांबलं नाही. चरबी तर पूर्वीपेक्षाही वर गेली. १९९७ मध्ये या प्रयोगाच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा असं दिसलं की नुसती चरबी भरून आल्याने ती भूक शांत होत नव्हती. गेलेलं स्नायूंचं मांसही भरून यावं लागत होतं, आणि ते सावकाश येतं. तोवर चरबी चढतच राहते.

ही मुलं चोरून खाणारी नव्हती. निश्चय कमी असलेली तर मुळीच नव्हती. तत्त्वासाठी सहा महिने उपाशी राहिलेली माणसं होती ती!

आपल्याकडे हे ज्ञान नव्हतं असं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे, अष्टौनिंदितीय. त्यात अतिस्थूल माणसाबद्दल म्हटलंय की त्याचा अग्नी प्रखर असतो, खाल्लेलं लवकर पचतं आणि पुन्हा पुन्हा भूक लागते. म्हणजे ही भूक त्या माणसाचा दुर्गुण नसून त्याच्या व्याधीचाच भाग आहे. आणि पुढे स्पष्ट सांगितलंय की कृश आणि स्थूल यांच्यात कृश बरा, कारण स्थूलाचा उपचार अवघड. उपाय म्हणून जव, मूग, कुळीथ असे पदार्थ. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने हे लिहून ठेवलं आणि आपण मात्र 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणून हसत बसलो. आता त्या म्हणीकडे मी वेगळ्या नजरेने बघतो. मिनेसोटातली मुलं तेच तर करत होती.

विलायतेत डाएटचा पहिला गाजलेला माणूस म्हणजे विल्यम बँटिंग. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा त्याचा व्यवसाय. १८६३ मध्ये त्याने स्वतःच्या लठ्ठपणावर एक छोटी पुस्तिका छापली, ती इतकी खपली की 'बँटिंग करणे' असं क्रियापदच झालं. त्याची कमाई म्हणजे ४६ पौंड वजन घटवलं. मला आवडला तो त्या पुस्तिकेतला आधीचा भाग, की कुणी व्होडी वल्हवायला सांगितली तर भूकच वाढली, कुणी स्नानं सांगितली तर पाच-सहा पौंड गेले तेवढेच. म्हणजे पहिला गाजलेला विजयी वीरसुद्धा आधी अनेकदा हरलेलाच होता.

१९५९ मध्ये स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टराने एका मोठ्या दवाखान्यातल्या शंभर लठ्ठ रुग्णांचं काय झालं ते पाहिलं. वीस पौंड उतरवणारे निघाले बारा. दोन वर्षांनी ते टिकवून ठेवलेले दोन. शंभरात दोन! मी मास्तर म्हणून सांगतो, शंभर मुलांच्या वर्गात दोन पास झाली तर दोष मुलांचा म्हणायचा की परीक्षेचा?

आता पुण्याकडे येऊ. मार्च १९४६ च्या शेवटी गांधीजी उरुळीकांचनला आले, आठवडाभर राहिले, गावकर्‍यांवर उपचार केले, आणि तिथे निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि त्यांनी जन्म त्या कामात घातला. विनोबांचे धाकटे भाऊ बाळकोबाही तिथे होते. ती मूळ कल्पना गरीब खेडुताला फुकट, साध्या उपायांनी बरं करण्याची होती. पुढे पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाने तिला वजन उतरवण्याची जागा करून टाकलं. "उरुळीला जाऊन आलो, पाच किलो गेले" हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत किती वेळा ऐकलं असेल! दहा-पंधरा दिवस मातीचे लेप, फळांचा रस, उकडलेली भाजी, पहाटेची प्रार्थना. आणि घरी परत आल्यावर तेच घर, तेच डबे. पाच किलो कधी परत आले हे मात्र कुणी शिक्षकांच्या खोलीत येऊन सांगत नसे. उतरण्याची बातमी होते, चढण्याची होत नाही. वजनाचा सगळा इतिहास असा एकतर्फी लिहिला गेलाय.

आणि दोन जेवणांची लाट? तिची मुळं नागपूरची. डॉ. श्रीकांत जिचकार, तेच ते अनेक पदव्यांचे, आपल्या व्याख्यानांतून सांगत की भूक लागेल तेव्हा, पण दिवसातून दोनदाच जेवा. २००४ च्या जूनमध्ये ते अपघातात गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो प्रयोग स्वतःवर केला, गुण आला, आणि गावोगाव मोफत व्याख्यानं दिली. जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत, मधे काही नाही, आणि रोज पंचेचाळीस मिनिटं चालणं. पैसे नाहीत, पावडर नाही, बाटली नाही. यासाठी मला त्यांच्याबद्दल आदर आहे, आणि पद्धतीवर आक्षेप घेणारे डॉक्टर आहेत हेही मला माहीत आहे. त्यांनी हे जन्मभर करायचं असंच सांगितलं होतं. पण ऐकणार्‍यांनी 'तीन महिन्यांत आठ किलो' एवढंच ऐकलं. जन्मभर हा शब्द कानाला लागत नाही.

आपल्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, आणि ती उघडकीला आणली ती पुण्यानेच. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. आपल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं लहान, पोट लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखलेली! 'बारीक पण चरबीदार' बाळ. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी जॉन युडकिन या इंग्रज मित्राबरोबर स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. पण युडकिनच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. दोन सडपातळ डॉक्टर शेजारी शेजारी उभे, आणि एकाच्या अंगात दुसर्‍याच्या दुपटीहून जास्त चरबी. फोटोवरून ओळखा म्हटलं तर ओळखता येणार नाही.

हे वाचल्यावर मला वहिनींचा ७४-६२-७० हा प्रवास वेगळा दिसू लागला. उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. चढताना परत येते ती बहुतेक चरबीच. २०११ मध्ये वयस्क बायकांवरचा एक अमेरिकन अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वजन घटताना दर किलो चरबीमागे साधारण पाव किलो मांसल भाग गेला, पण वजन वाढताना दर किलो चरबीमागे जेमतेम सव्वाशे ग्रॅम परत आला. म्हणजे ७० किलोच्या वहिनी आणि पूर्वी कधीतरी ७० किलोच्या असलेल्या वहिनी या एकच नव्हेत. मूळच्याच बारीक स्नायूंच्या आपल्या बायकांनी तीन-चारदा असं उतरावं-चढावं म्हणजे दर फेरीत थोडी शक्ती दुकानदाराकडे ठेवून यायची.

अलीकडच्या शोधांबद्दल थोडक्यात. १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लागला. चरबीतूनच निघणारं हे रसायन मेंदूला साठा किती आहे ते कळवतं. चरबी घटली की निरोप घटतो आणि मेंदू भुकेचा भोंगा वाजवतो. २०११ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात पन्नास माणसांचं वजन दहा आठवड्यांत उतरवलं, आणि वर्षानंतर पाहिलं तर भुकेची रसायनं अजून बिघडलेलीच होती. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका वजन घटवण्याच्या टीव्ही स्पर्धेतले चौदा स्पर्धक सहा वर्षांनी तपासले. तेरा जणांचं वजन परत चढलं होतं, चौघे तर मूळच्यापेक्षा जड झाले होते. आणि त्यांची शरीरं रोज अपेक्षेपेक्षा सुमारे पाचशे कॅलरी कमी खर्च करत होती. पाचशे म्हणजे आपल्या अडीच-तीन भाकर्‍या धरा. शेजारच्या तेवढ्याच वजनाच्या बाईने जे खाऊन चालतं ते यांना चालत नाही. "चोरून खाते" म्हणणार्‍यांनी हे जरूर वाचावं.

आता इंजेक्शनं आली आहेत. २०२५ च्या मार्चमध्ये मुंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात विक्रीला आलं, आणि पुण्यातले दोन नातेवाईक लगेच टोचून घेऊ लागले. उतरतंय चांगलंच, खोटं कशाला बोलू. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्याच्या दोन-तृतीयांश वजन परत आलं होतं. रक्तदाबाची गोळी बंद केली की रक्तदाब चढतो, तसंच हे. गोळी बंद केल्यावर चढलेल्या रक्तदाबाबद्दल मात्र आपण कुणाला चार माणसांत टोमणा मारत नाही.

मग उतरलेलं वजन टिकवणारे कुणीच नाहीत का? आहेत. १९९४ पासून अमेरिकेत अशा लोकांची एक नोंदवही ठेवली जाते. किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तीत प्रवेश. ही आपणहून नाव नोंदवलेली माणसं, त्यामुळे सगळ्यांना लागू करता येणार नाही. पण बहुतेक जण रोज सुमारे तासभर चालतात किंवा तेवढा व्यायाम करतात, आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात, आणि बहुसंख्य सकाळी न्याहारी करतात. (दोन जेवणवाल्यांनी आणि न्याहारीवाल्यांनी आता आपसांत भांडून घ्यावं, मी मध्ये पडणार नाही.)

मला जास्त कामाचा वाटला तो २००६ चा एक प्रयोग. तिथे वजन उतरवायचं नव्हतंच. आधीच उतरवलेल्या ३१४ जणांना फक्त टिकवायला शिकवलं. रोज वजन बघायचं, आणि सिग्नलसारखे तीन रंग. थोडं इकडे-तिकडे झालं तर हिरवा. दीड किलोच्या पुढे पिवळा, म्हणजे खाण्याकडे बघा. सव्वादोन किलो चढलं की लाल, म्हणजे त्याच दिवसापासून पुन्हा उतरवायचा कार्यक्रम सुरू. दीड वर्षांनी, काही न शिकवलेल्यांपैकी ७२ टक्के लोक त्या लाल रेघेपलीकडे गेले होते. समोरासमोर बसून शिकवलेल्यांपैकी ४६ टक्के. म्हणजे इथेही निम्मे जवळजवळ चढलेच! पण सव्वादोन किलो उतरवणं आणि आठ किलो उतरवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि लाज वाटून काटा कपाटामागे ठेवला की मधला सगळा काळ हातचा जातो.

काट्याची भीती वाटणार्‍यांसाठी आणखी एक. आमचा तालुका पैलवानांचा, त्यामुळे ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाटसाठी इथे घराघरांत जीव टांगणीला लागला होता. सकाळी ४९.९ किलो. तीन कुस्त्या, थोडं पाणी, थोडं अन्न, आणि संध्याकाळी ५२.७. रात्रभर धडपड करूनही पहाटे शंभर ग्रॅम जास्तच. एका दिवसातलं ते पावणेतीन किलो चरबीचं नव्हतं, बहुतेक पाण्याचंच. तेव्हा सोमवारी किलोभर वाढलं म्हणून उपास धरायचा नाही, आणि उतरलं म्हणून श्रीखंडही आणायचं नाही. चार आठवड्यांचे आकडे एका ओळीत बघायचे.

हे सगळं मी वहिनींना एका दिवसात सांगितलं नाही. रोज दुपारी थोडं थोडं. मिनेसोटाच्या मुलांची गोष्ट त्यांना फार लागली. ताटल्या चाटणारी ती पोरं ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "अगं बाई, म्हणजे त्यांनाही असंच व्हायचं?" आणि दुसर्‍या दिवशी काटा कपाटामागून स्वतःच काढला. ६२ वर परत जायचं नाही असं त्यांनी आणि नव्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं. ६७ च्या आसपास राहायचं, साखर सातच्या खाली ठेवायची, आणि पायात शक्ती राहिली पाहिजे. जेवणात डाळ, उसळ, ताक वाढवलं. भात बंद केलेला नाही. मुळशीत भात बंद करा म्हणणं म्हणजे कोकणात नारळ बंद करा म्हणण्यासारखं आहे. वाटी ठरवून घेतली, एवढंच. सकाळी अंगणात चालणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. सुरुवातीला तीनदा जमायचं.

रविवारी सकाळी आंघोळीआधी वजन. आकडा कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी. त्यामुळे दूधवाल्यालाही आमच्या वहिनींचं वजन माहीत असतं. मध्यंतरी गणपतीत ६८.८ झालं होतं, तेव्हा त्यांनी त्या आकड्याभोवती नातीच्या पेटीतल्या लाल खडूने गोल केला आणि संध्याकाळी दादाला हाक मारली, "अहो, उद्यापासून मोदकांचा डबा तुमच्या खोलीत ठेवा."

गेल्या रविवारचा आकडा ६७.२ आहे. खुर्चीवरून अकरा वेळा.